न ठरलेल्या लग्नाचं केळवण

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. आईला तर नाहीच नाही — तिला कळलं तर या वयातही कान धरेल. तुम्हालाच का सांगतेय? कारणबिरण काही नाही. सांगतेय, बस.

मी तशी धीट बाई आहे. नागपूरच्या महाल भागातल्या अशा गल्लीत वाढले, जिथं नळाच्या पाण्यावरून सुरू झालेलं भांडण नातवंडांपर्यंत चालतं. खोटं बोल पण रेटून बोल, म्हणतात ना? रेटणं मला कोणी शिकवावं लागलं नाही.

नोकरी होती शहराबाहेर वाडीला, एका मोठ्या गोदामात. कोणता माल कोणत्या ट्रकमध्ये चढणार, कोणता ट्रक आधी सुटणार, हे ठरवायची खुर्ची माझी. त्या खुर्चीवर बसलेली मी पहिलीच मुलगी. सुरुवातीला ड्रायव्हर मंडळी मला बघून साहेब कुठे आहेत ते शोधायची. हळूहळू शोधणं बंद झालं. मला घेताना कंपनीनं जॉइनिंग बोनस दिला होता, चांगला घसघशीत. अट एकच — दोन वर्षांच्या आत आपणहून सोडलं, तर सगळा परत करायचा. मी सही केली, स्कूटर घेतली, कानातले केले. आणि वर्षही झालं नसेल, पुण्याहून याहून मोठी नोकरी चालून आली.

पैसे नव्हते असं म्हणू? होते की. बँकेत होते. द्यायचे नव्हते, एवढंच. एकदा आपले झालेले पैसे परत द्यायला कोणाचा हात उठतो? — बघा, लगेच तुम्हालाही सोबत ओढलं. माझा उठला नाही.

मग बोरकर साहेबांकडे गेले. आमचे मॅनेजर. तापट माणूस, पण लेकींचा बाप. मान खाली घातली — मला ते जड जातं, पण घातली — आणि सांगितलं, लग्न ठरलंय. रायपूरचं स्थळ आहे. सासरी नोकरी चालत नाही. कसलं लग्न आणि कसलं रायपूर! तोवर मला कोणी बघायलासुद्धा आलेलं नव्हतं.

साहेब म्हणाले, "पोरीच्या लग्नात पैसे मागाचे असते का वं? जाय तू. मालकाशी मी बोलतो." बोलले. भांडलेही म्हणे. माझा बोनस माफ झाला.

इथंच संपलं असतं तर — पण लग्न ठरलेल्या मुलीला आपल्याकडे असं कोण सोडतं? बिलिंगच्या कुंदाताईंनी केळवण ठरवलं. गोदामातच, खोके बाजूला सरकवून. ताटाभोवती रांगोळी, ताटात सांबारवडी, वडाभात, पुरणपोळी. वर साडी. माझ्या हाताखाली काम करणारी वैशाली तर हटूनच बसली — उखाणा घ्या! घेतला. समीर हे नाव तिथल्या तिथं सुचलं, यमकासकट. टाळ्या पडल्या. आणि खरं सांगू? मजा आली. घास घशात अडकला वगैरे काही नाही. पुरणपोळी पुन्हा मागून घेतली मी.

वैशाली हुशार पोरगी. माझ्यामागे खुर्ची तिचीच, हे सगळेच धरून चालले होते. निघताना मीच तिच्या पाठीवर थाप मारली, आता तू सांभाळ म्हटलं.

पुणे झालं. खरंखुरं लग्न झालं, नागपूरच्याच मुलाशी. आम्ही परत आलो. आता इथल्याच सदर भागातल्या एका ऑफिसात मी माणसं निवडते. तुम्हाला वाटत असेल, कबुली झाली — बोनस ढापला, लग्नाची थाप मारली. छे. त्याचं मला अजूनही फारसं काही वाटत नाही. वाटायला हवं का? हवं असेल.

यंदा एका जागेसाठी वैशाली मुलाखतीला आली. काम तेच, मी वाडीला करायचे ते. मला बघून तिचा चेहरा फुलला; रायपूरहून इकडे आलात, नोकरीही करू देतात, बरं झालं, म्हणाली. आणि मग ती भडाभडा बोलत सुटली. मी गेल्यावर बोरकर साहेबांनी तिचं नाव पुढे केलं होतं. मालक म्हणाले, पोरींवर पैसा लावायचा आणि त्यांनी लग्न करून निघून जायचं — ती खुर्ची आता पोरीला नाही. साहेबांना तोंड उघडायला जागाच उरली नव्हती. ती कोणी खाऊन टाकली होती? बाहेरून एक पोरगा आणला. त्याला काम समजावलं वैशालीनं. ती इतकी वर्षं गेटवर पावत्या फाडत राहिली.

"मी तर अजून लग्नही नाही केलं, ताई," म्हणत ती हसली. माझा चेहरा पडलेला दिसला असावा, कारण लगेच म्हणाली, "तुमचा काय दोष जी? समीर जिजू कसे आहेत?"

मजेत आहेत, म्हटलं.

त्या दिवशी आलेल्यांत तिच्याइतकं ते काम कोणालाच कळत नव्हतं. हे मला तेव्हाही दिसत होतं. पण ऑफिसात माझ्या नवऱ्याला सगळे ओळखतात. ना तो समीर, ना रायपूरचा. वैशाली तिथं आली की आठवड्याच्या आत सगळं उघडं पडलं असतं. त्यापेक्षा जास्त — ती रोज समोर बसली असती. मी घाबरले. मालकांशी, ड्रायव्हरांशी, साऱ्या जगाशी भिडणारी मी, त्या पोरीला घाबरले. मी तिला घेतलं नाही. सांगायचं होतं ते हे.

फोन मीच केला. तिनं कारण विचारलं.

"अनुभव कमी पडला वं," मी म्हटलं.

"बरोबर आहे, ताई," ती म्हणाली. "ते काम करायले भेटलंच नाही ना मले."

हो ना, म्हटलं मी, आणि फोन ठेवला.