पाटणला पोचवलेली साखरेची माळ

होळीच्या दिवशी प्रवासाला निघू नये हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी निघालो, कारण पाटणला दिलेल्या माझ्या बहिणीच्या, सुशीच्या, बाळाची ही पहिली होळी. त्या दिवशी आजोळची साखरेची माळ बाळाच्या गळ्यात पडायलाच हवी. लढाईमुळे साखर रेशनवर, म्हणून सारा हिवाळा आम्ही गुळाचा चहा प्यायलो. दोन दिवस आधी निघू म्हटलं तर आई ऐकेना. दोन वर्षांपूर्वी अशीच माळ आधीपासून करून ठेवली होती आणि सुशीचं मूल होळीपर्यंत राहिलं नाही. यंदा आईने आदल्या दिवसापर्यंत हलवायाला साखर दिलीच नाही.

माळ फुटू नये म्हणून मी ती लाकडी खोक्यात गवत घालून बांधली आणि आई आणि मी सांगलीहून निघालो.

माधवनगर स्टेशनपर्यंत टांगा, तिथून कराडपर्यंत रेल्वे. उभं राहायला जागा मिळाली तर नशीब समजा. रजेवर आलेले पलटणीतले जवान ट्रंकांवर बसून घरच्या पुरणपोळीच्या गप्पा मारत होते आणि आमचं खोकं माझ्या डोक्यावर. कराडचं स्टेशन गावापासून लांब, म्हणजे पुन्हा टांगा. पाटणची मोटर कोळशाच्या गॅसवर चालणारी. मागे भट्टी, टपावर कोळशाची पोती आणि त्यांच्याशेजारी आमचं खोकं. चढ आला की उतारूंनी उतरायचं, म्हणजे तिकीट काढून चालत जायचं. जाणाऱ्यांनी मागच्या बाकावर बसू नये, धोतर काळं होतं.

पाटण दोन कोसांवर असताना मोटर एका गावात चहासाठी थांबली. चहा पिऊन येतो तो टप रिकामा. शिमग्यात होळीसाठी लाकूडफाटा पळवायची रीत आहे, ती इथे मोटरीवर चालवली होती. कोळशाची पोती आणि आमचं खोकं चावडीपुढच्या होळीवर, अगदी शेंड्याला. ड्रायव्हर भट्टीला टेकून निवांत बिडी ओढू लागला. मी भांडलो, पोलिसांचं नाव काढलं. त्या गावात ज्याच्या शब्दाला मान दिसत होता असा एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "आवं पावणं, होळीवर चढल्यालं लाकूड आमी माघारी देत न्हाई."

मी आवाज आणखी चढवणार, तोच आई पुढे झाली.

"आणि साखर?"

म्हातारा गोंधळला. आईने खोक्यात नातवाची माळ असल्याचं सांगितलं. पहिलंच मूल का, असं त्याने विचारलं. आईने पदर सावरला.

"पहिलं राहिलं नाही. हा दुसरा."

हे ती आमच्या घरातसुद्धा कधी बोलली नव्हती. मला एकदम तिच्या हाताला धरावंसं वाटलं.

"साखर कवा मागितली आमी? काडा रं ती," म्हातारा म्हणाला.

खोकं फोडलं. माळ आईच्या हातात आली, फळ्या होळीवरच राहिल्या. मोटर आता हलणार नव्हती, म्हणून म्हाताऱ्याने स्वतःची बैलगाडी जुंपली. त्याने भाडं घेतलं नाही, शिमग्याचं पोस्त मात्र हक्काने मागून घेतलं. आईच्या हाताला घाम यायला लागला, साखर पाघळेल म्हणून तिने माळ माझ्या गळ्यात घातली. अशा थाटात मी दिवेलागणीला बहिणीच्या सासरी उतरलो. सुशीची सासू तोंडाला पदर लावून हसली. सुशी हसता हसता रडायला लागली. होळी पेटायच्या आत माळ बाळाच्या गळ्यात पडली आणि त्याने ती लगेच चोखायला घेतली.

परतीचे हालही तेवढेच झाले. सदऱ्याची कॉलर दोनदा धुतली तरी तिला मुंग्या लागतात. घरी आल्यावर वाटलं, आता तरी साखरेचा चहा मिळेल. आईने गुळाचाच पुढे केला. मी कपाळाला हात लावला.

"पुढच्या शिमग्याला त्याला दात आलेले असतील," साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवत ती म्हणाली.

पुढच्या माळेची साखर, वर्षभर आधीपासून. मी गुळाचा चहा प्यायलो.