सातची गाडी आणि गच्चीचा उतार

आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात इमारती साहेब काढतात आणि त्यांच्यावरचं पाणी तात्या घालवतात. गच्ची, बाल्कनी, न्हाणीघर, जिथे म्हणून पाणी पडेल तिथे फरशीला नेमका उतार द्यायचा, हे त्यांचं मिशी काळी होती तेव्हापासूनचं काम. आधी कागदावर, आता कम्प्युटरवर. या कामात मान जी खाली गेली ती वर आलीच नाही. डॉक्टर म्हणतात पट्टा लावा, तात्या म्हणतात, "राहू दे, तिलाही सवय झालीय."

परवा त्यांची मुलगी लांबच्या शहरात नोकरीला निघाली होती. सातची गाडी. तात्या संध्याकाळी सहाला ऑफिसातून उठणार, हे त्यांच्या घरून काकू दुपारपासून फोन करकरून पक्कं करत होत्या.

पाचला साहेब आले. एका शाळेची गच्ची चालली होती. "तात्या, तो पाणी उतरवायचा पाइप समोरून दिसतो. पाण्याची जाळी मधून काढून मागच्या कोपऱ्यात घ्या."

घेतली. आता पाणी दुप्पट लांब जाणार, म्हणजे वरचं टोक दुप्पट उंच. स्क्रीनवर गच्ची अशी चढली, की जिन्याच्या दाराचा उंबराच फरशीखाली गेला.

"उतार निम्मा करा की," साहेब जाता जाता म्हणाले. "कोण मोजतंय?"

तात्यांनी निम्मा केला. कम्प्युटरने हूं की चूं केलं नाही.

"सुटलात तात्या! पळा," मी म्हटलं.

त्यांनी डबा पिशवीत टाकला, टेबलाखाली चपला चाचपल्या आणि परत बसले. "खाली वर्ग आहे रे. पाणी साचलं की पोरांच्या डोक्यावर गळणार. आणि मग बोलावणार कोणाला? मलाच."

मग मागच्याच दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक जाळी, गच्चीचे दोन भाग, प्रत्येक तुकड्याचा उतार पहिल्यापासून. शेवटी मुलगीच बॅग घेऊन वर आली.

"बाबा, अजून पाणीच वळवताय?"

"झालंच गं. हा एकच कोपरा."

"तुमचा एक कोपरा मला बालवाडीपासून माहीत आहे." तिने फोन लावला. "आई, मी आठच्या गाडीने जाते."

पलीकडून काकूंचा आवाज मलाही ऐकू आला, "दोघं एकाच माळेचे मणी!"

ती स्टूल ओढून बसली. तात्या स्क्रीनवरून नजर न काढता विचारत होते, खोली हवेशीर आहे ना, घरमालकीण कशी आहे. ती त्यांच्या पाठीला उत्तरं देत होती.

शेवटचा तुकडा बसला तेव्हा साडेसात झाले होते. तात्यांनी खुर्ची वळवली. ती निघायला बॅग खांद्याला लावून उभीच होती.