मिस्त्रीचा पाच शेरांचा हातोडा

मुरबाडच्या नाक्यावर फटफट्या दुरुस्त करणारा तो मिस्त्री कुठलंही हत्यार वापरण्याआधी कानाशी नेऊन त्याला टिचकी मारून बघे. बी. ए. होऊन मी गावी परतलो, तेव्हा मला या सवयीचं हसू येई.

एकदा आमच्या डॉक्टरांच्या फटफटीच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग फुटलं, म्हणून आम्ही दोघांनी ती मिस्त्रीच्या दुकानात आणली. वैशाखरे गावात तापाचा रोगी त्यांची वाट पाहत होता. डॉक्टर छिन्नी घेऊन स्वतःच ठोकायला निघाले आणि मी फटफटीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मोठ्यानं वाचू लागलो.

मिस्त्रीनं हात जोडून सगळं ऐकलं. मग डॉक्टरांची छिन्नी काढून घेऊन त्यांच्या हातात लांब कानस दिली आणि माझ्या हातात पाच शेरांचा हातोडा.

"ही मुख्य हत्यारं. मागंन तवा द्या. खाली ठेवू नका, माती लागंल."

आम्ही अवघडून उभे राहिलो. त्यानं तांब्याच्या कांबीनं जुनं बेअरिंग हळूहळू बाहेर काढलं. त्याचंच बाहेरचं कडं नव्या बेअरिंगवर ठेवून लाकडी मोगरीनं टकटक करत नवं बसवलं. चाक गरगर फिरलं.

माझे खांदे भरून आले होते. "मिस्त्री, हा हातोडा कधी लागणार?"

"लागला की! तुमी शिकलेली मानसं. हात रिकामे दिसले, का चाकात घालता. मंग आमी काम कवा करायचा?"

डॉक्टर फटफटीवर बसले होते. त्यांनी काखेतली कानस गुपचूप काढून दुकानाच्या फळीवर ठेवली.