सवाष्णीचे पान

"ऊठ बाप्पा तिथून. तू बसली त दोघींची जागा जाते."

मोठ्याआई म्हणाल्या आणि माजघर हसले. मी पाटावर बसलेली. नवी साडी, नुकतेच धुतलेले ओले पाय, कपाळावर ताजे कुंकू. लग्नाला चारच महिने झाले होते. भाद्रपदातला महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. समोर ज्येष्ठा-कनिष्ठा भरजरी नेसून उभ्या होत्या आणि त्यांच्या पुढ्यात पाच पाट, प्रत्येकाभोवती रांगोळी. या पाटांवर भावकीतल्या पाच सवाष्णी बसतात. त्या दिवसापुरत्या त्याच देवी. त्यांचे पाय धुतात, ओटी भरतात, आग्रह करकरून जेवू घालतात. नव्या सुनेला पहिल्या वर्षी हा मान असतो, असे सासूबाईंनीच मला सांगितले होते.

मी उठले. उठताना भिंत धरावी लागली, म्हणून हसणे आणखी थोडे लांबले. माझ्या मांडीखाली रांगोळी पुसली गेली होती. साडीला लागलेली पांढरी पूड झटकत मी स्वयंपाकघरात गेले आणि पाट्यावर पुरण वाटायला बसले. माझ्या जागी एक चुलत नणंद बसली. ती सडपातळ होती.

मोठ्याआई म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या काकू. आर्णीपासून दहा-बारा किलोमीटरवरचे ते गाव, गावातले ते मोठे घर, नाल्यापर्यंत पसरलेले पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीचे वावर, आणि या सगळ्यावर त्यांचा शब्द. माझ्या सासूबाईसुद्धा त्यांच्यासमोर पदर सावरून बोलत. त्यांचे वाक्य त्या घरात परत घेतले जात नसे. त्यामुळे ते एकदा बोललेले वाक्य पुढची अकरा वर्षे न बोलता पाळले गेले. दर भाद्रपदात मी आर्णीहून, जिथे मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, तिथून दोन दिवस आधी जाई आणि सोळा भाज्या चिरी. आंबिलीचा आंबूस वास, जायफळाचा उग्र गोडवा, तुपात सुटणारा पोळीचा खरपूस दरवळ हे सगळे माझ्या हातांतून उठे आणि भिंतीपलीकडे जाई. पलीकडून आवाज येत. "घे व माय, अर्धी तरी घे." "नाई म्हणू नको, देवीचं हाये."

मला कुणी कधी आग्रह केला नाही. सगळ्यांची जेवणे उरकल्यावर मी बसे, आणि माझ्या पानात दुसरी पोळी पडली की स्वयंपाकघरातली भांडीसुद्धा गप्प होत.

हे शरीर माझ्या आईचे होते. माहेरी, ढाणकीच्या बाजारात ती चालू लागली की माणसे वाट देत. त्यात चेष्टा असे, पण धाकही असे. तिचे दंड रुंद आणि थंड. उन्हाळ्याच्या दुपारी त्या दंडावर गाल टेकून मी कविता पाठ केल्या. तिच्या कातडीला हळदीचा आणि कोऱ्या सुताचा वास होता. ती गेली तेव्हा माझे वजन एकशे एकवीस किलो होते. आरशासमोर उभी राहिले की खांद्यापासून खालची ती मला दिसे. म्हणून मी आरशाला फारशी भ्याले नाही. भ्याले ते माणसांना.

शस्त्रक्रिया मी नागपुरात करून घेतली. कारणे खरी होती. साखर आवरत नव्हती, गुडघे जिने मोजू लागले होते, झोपेत श्वास तुटत होता. डॉक्टरांनी पोटाची इवलीशी पिशवी केली, आतड्याची वाट वळवली. आणि एक कारण मी कुणाला सांगितले नाही. मला त्या पाटावर बसायचे होते.

वजन गेले. चौदा महिन्यांत चौपन्न किलो. ते कसे जाते हे कुणी सांगत नाही. आधी चेहरा जातो, मग छाती, मग बसण्याची जागा. लाकडी खुर्चीत हाडे टोचू लागतात. केस न्हाणीच्या जाळीवर मूठ-मूठ साचतात. यवतमाळकडच्या चैत्रात, जेव्हा रस्त्याचे डांबर पायाला चिकटते, तेव्हा मी वर्गात शाल पांघरून उभी असे. पोटाची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबते. तिच्या घड्या उचलून मी पावडर लावते, एखाद्या तान्ह्या बाळाला लावावी तशी. दारातून जाताना अजून अंग तिरके करते. दार मोकळे असते. अंगच मोकळे झाल्याचे मनाला कळलेले नसते.

एसटीत माझ्या शेजारी पहिल्यांदा एक बाई आपणहून येऊन बसली, तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून यवतमाळपर्यंत रडले. इतकी वर्षे ती अर्धी जागा रिकामी राहत होती. गर्दीतही.

आर्णीच्या बाजारात बांगड्या भरणारी चाची मला लग्नापासून ओळखते. हात पुढे केला तर तिने तो दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, सुलटा केला. माझ्याकडे पाहिले नाही, हाताकडेच पाहत राहिली. "अगं बाई, तुझा तो हाथ कुठं गेला? तेरी माँ का हाथ था ना वो." आई सणाला माझ्याकडे आली की तिच्याकडेच बांगड्या भरी. तिने लहान मापाच्या बांगड्या भरल्या. साबण लावावा लागला नाही. त्या आपसूक चढल्या, आणि मला वाटले, आई दुसऱ्यांदा गेली.

घरी मात्र उत्सव होता. यजमान मला लग्नकार्यांना नेऊ लागले, मित्रांकडे नेऊ लागले. एकदा गाडी चालवता चालवता, अगदी प्रेमाने, ते म्हणाले, "आता तुले कुठंयी नेता येते."

मी हसले. हसून झाल्यावर त्या वाक्याची दुसरी बाजू दिसली. अकरा वर्षे न्यायला लाज वाटत होती. अकरा वर्षे ते मला "तुले थकवा येते, तू राह्य घरीच" म्हणत, आणि मी त्याला माया समजत होते. दुसऱ्या आठवड्यात दिवाणखान्यातला लग्नाचा फोटो उतरलेला दिसला. त्यांनी उतरवला होता. "कायले ठेवा आता तो? पाहणाऱ्याले वाटते दुसरीच बाई आहे." मीही तो माळ्यावर ठेवायला हातभार लावला. हे लिहिताना लाज वाटते. पण हातभार लावला.

मग श्रावण संपता संपता मोठ्याआईंचा फोन आला. "यंदा तू बसजो पाटावर. आता शोभते तू."

मी आनंदले. खोटे कशाला बोलू? जांभळ्या काठाची साडी घेतली, नवे पोलके शिवले. अकरा वर्षांत मी कधीच शोभत नव्हते, एवढाच त्या वाक्याचा अर्थ होता. तो मी मुद्दाम वाचला नाही. फक्त सासूबाईंना आधी एकटे गाठून सांगितले, "मला सहा-सात घासच चालतात. गोड तर मुळीच नाही. डॉक्टरांची सक्त ताकीद आहे." त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "देवीचा प्रसाद हाये. त्यानं काई होत नाई."

पाट मांडले गेले. माझे पाय सासूबाईंनी धुतले. कोमट पाणी घोट्यावरून ओघळले आणि अकरा वर्षांचे काहीतरी आत सैल झाले. ओटीत तांदूळ पडले, नारळ पडला. मग पान आले. पुरणाच्या दोन पोळ्या, वर तुपाची धार. आंबील, कढी, वडे, भजी, भाज्यांचे लहान लहान डोंगर. त्या घरची रीत अशी की सवाष्णीने पानात काही टाकायचे नाही, आणि पाचही जणींनी एकदमच उठायचे. चुकून उष्टे राहिलेच तर ते घराबाहेर जाऊ द्यायचे नाही. परसात आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यात पुरायचे. ज्या वर्षी सवाष्णीच्या पानात अन्न राहते, ते वर्ष घराला वाईट जाते, असे मोठ्याआई मानतात.

मी कढीभात घेतला. चार घास, सावकाश, एकेक चावून. पाचव्याला छातीशी तो ओळखीचा दाब आला. मी हात थांबवला.

मोठ्याआई समोरच बसल्या होत्या, हातात पोळी घेऊन. "खाय न व. पोळीले त हात बी नाई लावला."

"मोठ्याआई, मला खरेच चालत नाही."

"काहून? आता लाजते? पहिले त बरी खात होती!"

माजघर हसले. त्याच पट्टीत. मला वाटले होते, ते हसणे माझ्या वजनाबरोबर गेले असेल. ते तिथेच होते, माझी वाट पाहत. माझे यजमान दारात उभे होते, मोबाइल धरून फोटो घेत होते. तेही हसले.

आणि मी पोळी मोडली. हे माझे पाप. जिथे नाही म्हणायचे तिथे मी घास घेतला. पुरणाचा गोडवा जिभेवर पसरला, दीड वर्षाने. गूळ, वेलची, तूप, आणि क्षणभर डोळ्यांत पाणी आले इतके ते सुंदर होते. दुसरा घास. तिसरा. "हां, आता कशी!" कुणीतरी म्हणाले. मग छातीत दगड बसला. हृदय कानांत धडधडू लागले, मानेवरून घामाची गार धार उतरली, रांगोळीचे रंग एकमेकांत मिसळू लागले. मी उठले. चौघी बसलेल्या असताना उठले. परसात पोहोचले आणि त्या खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून सगळे ओकले.

मागून कुणी पाणी आणले नाही. मोठ्याआई दारात येऊन उभ्या राहिल्या. "पाटावरून उठली. वरून लक्ष्मीचं अन्न ओकून टाकलं. जाडी होती तवाच बरी होती, चुपचाप रांधे त." मग आवाज खाली आणला, जो आवाज त्या घरात कधी परतत नाही तो. "चाल. देवीपुढं नाक घास. चुकली म्हण."

मी यजमानांकडे पाहिले. त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. "घास न एकडाव. काय जाते तुयं?"

काय जाते माझे. चौपन्न किलो गेले होते. केस गेले होते. आईचे दंड गेले होते. बारा वर्षांच्या संसारातली माया कशाची होती ते कळून गेले होते. तोंडात पित्ताची कडू चव होती, समोर ओल्या मातीचा वास होता, आणि मला अचानक ती बाई दिसली, एकशे एकवीस किलोंची, घामाने निथळणारी, त्याच घरात दरसाल सोळा भाज्या चिरणारी. तिच्यावर सगळे हसले तेव्हा मी कुठे होते? मीही तिच्यावर हसले होते. तिचे फोटो लपवले होते. मैत्रिणींशी बोलताना तिला 'ती' म्हणत होते, जणू कुणी परकी भाडेकरीण माझ्या घरातून निघून गेली. तिने मला चालवले, शिकवले, नोकरीला लावले, आईला खांदा दिला. आणि मी तिच्यासाठी एकदाही रडले नव्हते.

"नाही घासणार," मी म्हणाले.

"काय म्हणली?"

"नाही घासणार. माझे पोट एवढेच आहे, मोठ्याआई. मी आधी सांगितले होते. सासूबाईंना माहीत आहे."

सासूबाईंनी पदर सावरला आणि जमिनीकडे पाहिले.

मी आत गेले. माझे पान उचलले, परसात आणले, उरलेले सगळे माझ्या हातांनी खड्ड्यात घातले आणि वर माती ओढली. रीत त्यांची होती, पाळली मी. मग हात धुतले, पिशवी घेतली आणि फाट्यापर्यंत चालत गेले. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी पिवळ्या फुलांवर आली होती. मागे कुणाची गाडी आली नाही. आर्णीकडे जाणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये मी मधल्या सीटवर बसले आणि त्या जाड बाईसाठी रडले. मेलेल्या माणसासाठी रडतात तशी. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारले, "माहेरी कोणी गेलं काय माय?" मी हो म्हणाले.

याला वर्ष होत आले. यजमान आणि मी एकाच घरात राहतो, मोजके बोलतो. तीन किलो परत आले आहेत. डॉक्टर म्हणतात, थोडे येतेच. वजन असे वाढते तेव्हा यजमानांची नजर माझ्या कमरेवरून फिरते, आणि मी ती नजर फिरू देते. पदर ओढून घेत नाही.

परवा मोठ्याआईंचा निरोप आला. मागचे विसरून जा, यंदाही तुझी जागा आहे, फक्त देवीपुढे हात जोडून चुकले म्हण. यजमानांनी तो जेवताना सांगितला आणि विचारले, "मग, येतं ना?"

मी चौथा घास चावून संपवला. मग सांगितले.

नव्या सुनेला सणाच्या दिवशी भरल्या माजघरातून उठवले, ती चूक होती. तिच्या हातचे अकरा वर्षे खाल्ले आणि तिच्या पानातली पोळी मोजली, ती चूक होती. त्या चुका तुमच्या आहेत. मोठ्याआईंनी, सासूबाईंनी आणि तुम्ही, तिघांनी, त्याच माजघरात, तितक्याच माणसांसमोर, त्या जाड बाईची माफी मागायची. तिचे नाव घेऊन. ते नाव माझेच आहे. तोवर त्या घरात मी रांधणार नाही, जेवणार नाही, उंबरा ओलांडणार नाही. माझे वजन साठ होवो नाहीतर पुन्हा एकशे एकवीस.

"तशी माफी कोणी मागत नसते," ते म्हणाले.

"मग मी येत नसते," मी म्हणाले, आणि पाचवा घास घेतला.