सासूबाई उसन्या नेणारा दिग्दर्शक

"तुमच्या सासूबाई चार दिवस उसन्या द्याल का?" वरच्या मजल्यावरचे रामिरो दारात उभे राहून विचारत होते. तोवर आमची ओळख जिन्यातल्या नमस्कारापुरतीच. मिश्या पिळदार, चेहरा सुतकी. मी म्हटलं, "चार कशाला, महिनाभर न्या."

मेक्सिकोत एके काळी त्यांच्या विनोदी सिनेमांना लोक थिएटर डोक्यावर घेत. मग आवडी बदलल्या, निर्माते फोन उचलेनासे झाले, आणि जर्मन बायकोमागोमाग रामिरो जर्मनीत बॉबलिंगेनला आले. इथे त्यांना कॅमेऱ्याच्या आसपासही कुणी फिरकू दिलं नव्हतं. आता गावातलं थिएटर त्यांचा एक लघुपट दाखवायला कबूल झालं होतं. "लोक हसले, तर मी अजून दिग्दर्शक आहे," ते म्हणाले. "नाही हसले, तर बाल्कनीत टोमॅटो लावतो."

विषय त्यांना आमच्या जिन्यातच सापडला होता. इथे जिना झाडायची पाळी आठवड्याला बदलते. ज्याची पाळी, त्याच्या दाराला 'केअरवोखे'ची पाटी. पुण्याहून आलेल्या सासूबाई रोज सकाळी दाराबाहेर रांगोळी काढायच्या आणि समोरच्या फ्राऊ केसलर ती सांडलेली पूड समजून झाडून टाकायच्या. दोघींनाही वाटायचं, समोरचीला वळण म्हणून नाही. रामिरो कठड्याला टेकून मिटक्या मारत बघत. "माणूस हसताना कुणासारखाही दिसतो," ते म्हणत. "चिडला की स्वतःसारखा दिसतो. गेनाऊ? बरोबर ना?"

फ्राऊ केसलर स्वतःच्याच भूमिकेला तयार झाल्या. अट एकच: शूटिंगनंतर जिना ओल्या फडक्याने पुसायचा.

"रामराव," सासूबाईंनी त्यांचं बारसं केव्हाच उरकलं होतं, "खोटी रांगोळी काढायला मला जमायचं नाही हो." त्यांनी भलंमोठं कमळ काढलं, हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. कॅमेरा सुरूच होता. फ्राऊ केसलर झाडू घेऊन आल्या आणि ते जोडलेले हात पाहून थबकल्या. अहो, झाडायचं होतं, तोच तर विनोद होता! रामिरो मात्र 'कट' म्हणाले नाहीत. फ्राऊ केसलर वाकल्या, निरखून पाहिलं आणि झाडूच्या दांड्याने एक पाकळी दाखवत म्हणाल्या, "आल्झो, ही वाकडी आहे."

सासूबाईंना जर्मन येत नाही, पण तो सूर त्यांना बरोबर कळला. "मग काढा तुम्ही!" म्हणत त्यांनी रांगोळीचा डबा पुढे केला.

रामिरो पुढच्याच हिवाळ्यात वारले. मला त्यांची फार आठवण येते. पण लघुपट दाखवला त्या संध्याकाळी थिएटरात हशा काही केल्या थांबत नव्हता, आणि शेजारी ते घळाघळा रडत होते.

"माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला विनोद," ते माझ्या कानाशी म्हणाले, "आणि मी फक्त गप्प बसलो."