पाहुण्यांनी कप न्यायचा नसतो

परदेशात पामर्स्टन नॉर्थच्या युनिव्हर्सिटीत शिकताना मी बाबांच्या मित्राच्या घरी सात महिने पाहुणी होते. "आपलंच घर समज," असं काकूंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. त्यामुळे फ्रिज मी कधीच स्वतःहून उघडला नाही आणि हीटर लावण्याआधी विचारत राहिले. आपल्याच घरात माणूस इतकं विचारतो का, हे मात्र कोणाला विचारलं नाही.

२००७च्या जुलैमध्ये आमच्या लॅबमधल्या मेक्सिकन मुलीच्या फ्लॅटमधली एक खोली रिकामी झाली. तिने "तुला हवीय का?" असं विचारलं. मला ती इतकी हवी होती की मी लगेच म्हणाले, "नको, उगाच तुला त्रास." आता ती आग्रह करणार, मी पुन्हा नको म्हणणार आणि तिसऱ्यांदा आढेवेढे घेत तयार होणार, असा माझा सरळ बेत होता. ती "स्वीट अ‍ॅज" म्हणाली, म्हणजे तिकडच्या बोलीत 'बरं, ठीक आहे', आणि टी-रूमच्या फळ्यावर खोलीची चिठ्ठी लावून आली.

त्याच आठवड्यात तिचा देश दक्षिण अमेरिकेच्या फुटबॉल स्पर्धेत सेमीफायनलला पोचला होता. मेक्सिको त्या खंडातला नाही. पाहुणा म्हणून बोलावतात, म्हणून जातो. आधी दोनदा फायनल गाठून दोन्हीदा हरलेला. या वेळी तर सुरुवातच ब्राझीलला हरवून केली होती, त्यामुळे ती भलतीच आशेवर होती. तिकडची रात्र म्हणजे आमची जेवणाची सुट्टी. ती कॉम्प्युटरवर स्कोअर बघत होती, मी शेजारी डबा खात होते. अर्जेंटिनाचा तिसरा गोल झाला.

"तुमची टीम फार संस्कारी आहे," मी म्हणाले. एरवी मी लॅबमध्ये इतकं बोलत नाही. "आमच्यातही ताटातला शेवटचा तुकडा पाहुणे उचलत नाहीत."

ती हसली नाही. "आम्हाला तो हवा असतो. हात पुढे करतो, पण पोचत नाही. हरतो आम्ही. त्यात संस्कार कुठले?"

मी डब्याला झाकण लावलं, टी-रूममध्ये गेले आणि फळ्यावरची चिठ्ठी काढून तिच्यासमोर ठेवली.

"मला हवीय."

"तू तर नको म्हणाली होतीस."

"एकदाच म्हणाले होते."

"उद्या एक मुलगी खोली बघायला येतेय."

"तिला येऊ नको म्हणून सांग," मी म्हणाले. सात महिन्यांत मी कोणाला दिलेला हा पहिला हुकूम. तिने फोन लावला.

संध्याकाळी काकूंना खोली मिळाल्याचं सांगितलं.

"अगं, राहा की इथेच," त्या म्हणाल्या.

"नको, काकू," मी म्हणाले आणि पुढच्या आग्रहासाठी थांबले.

त्यांनी काकांना हाक मारली, "अहो, गॅरेजमधली हिची बॅग काढून देता का?"