मंगळावरच्या गाडीवरचं नाव

अजून कुणीच न पाहिलेल्या जागांची चित्रं काढणं हे माझं काम. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकांसाठी चंद्रावरची वस्ती, मंगळावरचं शेत, तिथल्या लोकांची ये-जा. राहते मात्र आमच्या लहानशा मालेगावात, बाबांजवळ. संपादकांना वाटतं मी मोठ्या शहरात असेन, आणि मीही त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

बाबा पेंटर. मालेगाव ते शिरपूर रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या, जयंतीच्या कमानी आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या त्यांनी आयुष्यभर रंगवल्या. फ्लेक्स आला तेव्हा त्यांनी त्याला चार शिव्या घातल्या आणि ट्रॉल्यांवर भागवलं. पण दोन वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला, तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. ब्रश डब्यात घातले, डबा कपाटावर ठेवला. त्यांचं ते गप्प राहणं मला फार जाचायचं.

मागच्या महिन्यात मी टॅबवर मंगळावरच्या गाडीचं चित्र काढत होते. सहा चाकं, काचेची केबिन, मागे सामानाचा डबा. चांगलं झालं होतं, आणि मला ते माहीत होतं. कौतुकाच्या आशेने बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"कोनाची हाय ही गाडी?"

"कोनाचीच नाही, बाबा. तीस-चाळीस वर्षांनंतरची हाय."

"नाव नाही, गाव नाही. रस्त्यात बंद पडली त निरोप कोनाच्या घरी द्याचा?"

आमच्याकडे ट्रॉली नावगावाशिवाय वर्कशॉपबाहेर पडत नाही. वर्षानुवर्षं मी यंत्रं काढत होते, पण त्यांची वाट पाहणारं कुठेतरी एखादं घर असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मंग तुमीच लिवा," मी एक कोरा कागद पुढे केला. "मी चित्रात बसवते."

"काहून थट्टा करून राह्यली? हात दिसत नाही का माहा?"

मी चिडले. राग नाकावर असणं ही त्यांचीच देणगी. "तुमी नाही लिवलं त मी हे चित्रच पाठवत नाही," म्हणाले आणि कपाटावरून डबा काढला. ब्रश वाळून काड्या झाले असतील अशी माझी खात्री होती. उघडला तर केस मऊ, आणि त्यांना ताजं तेल लावलेलं. दोन वर्षं हा माणूस माझी पाठ वळली की तो डबा खाली काढत होता. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते खिडकीबाहेर पाहू लागले.

पाटी रंगवताना पेंटर आडवी काठी टेकवून तिच्यावर मनगट ठेवतात. आता काठी कुठे शोधायची? मी ब्रश त्यांच्या हातात दिला आणि माझी मूठ त्यांच्या मनगटाखाली धरली. त्यांची थरथर माझ्या खांद्यापर्यंत येत होती. ट्रॉलीवर पोराचं नाव टाकायची रीत, आणि अशी कितीतरी पोरांची नावं त्यांनी लिहिली होती. त्या दिवशी त्यांनी माझं लिहिलं, खाली मालेगाव. अक्षरं वाकडीतिकडी आली. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

चित्र दुसऱ्या दिवशी पाठवायचं होतं. सकाळी उठले तर बाबा जुन्या वर्तमानपत्रावर ओणवे होऊन, डाव्या हाताने उजवं मनगट धरून, माझं नाव लिहीत होते. पान भरत आलं होतं.

"धाडू नको अजून," मान वर न करता ते म्हणाले. "पोरीचं नाव हाय. सरळ आलं पायजे."

मी संपादकांना फोन करून आठ दिवस मागून घेतले.